अमुक कोण होता? भूत उतरवण्याचा मंत्र भूत बोलावण्याचा कसा झाला

१/ आजचा धागा एका मंत्राविषयी आहे. पाश्चात्त्य गूढविद्येत पिशाच्चांना पाचारण करण्याचे जे मंत्र प्रसिद्ध आहेत, त्यांत हा अग्रभागी असतो. १९०४ साली अ‍ॅलिस्टर क्रॉली यांनी ‘गोएशिया’ हे पुस्तक छापले. बहात्तर पिशाच्चांची नावे, त्यांच्या मुद्रा आणि त्यांना बोलावण्याची शब्दयोजना त्यात आहे. प्रत्यक्ष पिशाच्चांकडे वळण्यापूर्वी साधकाने म्हणावयाचे प्रारंभिक आवाहन म्हणून हा मंत्र पुस्तकाच्या आरंभी घातलेला आहे.

२/ आज त्याची ध्वनिमुद्रणे कुणालाही ऐकता येतात. मागे ढोल, पुढे घोगरा आवाज आणि खाली ‘अतिप्राचीन पिशाच्च-आवाहन’ अशा आशयाची ओळ. यातले ‘प्राचीन’ हे विशेषण खरे आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात हा मंत्र सापडतो. पिशाच्चांना बोलावणे हे मात्र त्याचे मूळ काम नव्हते. एका बाधित माणसाला पछाडलेले भूत घालवण्यासाठी तो रचलेला होता. हा उलटफेर कसा घडला आणि त्यात काय हरवले, हे आज पाहू.

३/ आरंभ इजिप्तमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्झांड्रियात जोव्हानी अनास्तासी नावाचे एक व्यापारी होते. ते स्वीडन-नॉर्वेचे वाणिज्यदूतही होते. त्यांनी जमवलेल्या पुराणवस्तूंत ग्रीक भाषेतील जादूविषयक पपायरसांचा मोठा संच होता. ही हस्तलिखिते थीब्ज परिसरातून आली असे मानले जाते. पुढे ती लायडन, लंडन, पॅरिस अशा ठिकाणच्या संग्रहांत विखुरली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेल्या भागात चौथ्या शतकातील एक पपायरसाची वही होती. आपला मंत्र त्या वहीत आहे.

४/ मंत्राचे शीर्षक चित्रलिपी लिहिणाऱ्या जेउ नावाच्या लेखकाच्या पत्राचा हवाला देते. ज्याला हाक मारली आहे तो ‘अकेफालोस’, म्हणजे शिरविहीन. त्यानेच पृथ्वी आणि आकाश, रात्र आणि दिवस, प्रकाश आणि अंधार निर्माण केले, अशी त्याची स्तुती आहे. त्याला ‘ओसोरोन्नोफ्रिस’ असेही संबोधले आहे. ‘ओसिरिस वेन्नेफर’ या इजिप्शियन देवनामाचे हे ग्रीक रूप. मंत्र म्हणणारा मात्र स्वतःची ओळख इस्राएलचा प्रेषित मोशे अशी करून देतो. इजिप्तचा देव, ज्यूंचा प्रेषित आणि ग्रीक भाषा एकाच पानावर आहेत. त्या काळच्या इजिप्तमध्ये ही सरमिसळ नवलाची नव्हती.

५/ स्तुतीनंतर मागणी येते : या ‘अमुक’ला ज्या दाइमोनने धरले आहे त्याच्यापासून याला सोडव. ‘दाइमोन’ म्हणजे देव आणि मानव यांच्या मधला जीव. तो चांगलाही असे, वाईटही. ‘अमुक’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे ‘देइना’. रोग्याचे नाव घालायची ती रिकामी जागा. आपल्याकडील संस्कृत मंत्रग्रंथांतही नेमका ‘अमुक’ हाच शब्द याच कामासाठी येतो. प्रत्येक अनाकलनीय शब्दमालिकेनंतर मंत्र पुन्हा तेच विनवतो : ऐक, आणि या भुताला दूर कर.

६/ विधीही लहान आहे. नव्या पपायरसावर मंत्र लिहायचा, तो कागद एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत धरायचा आणि उत्तरेकडे तोंड करून सहा नावे वाचायची. रक्त नाही, वर्तुळ नाही, तलवार नाही. मंत्राच्या अखेरीस एक व्यापक मागणी मात्र येते. आकाशातले, हवेतले, भूमीवरचे, भूमीखालचे आणि पाण्यातले सगळे दाइमोन माझ्या आज्ञेत राहोत. ही एक मागणी ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यातून वाढली.

७/ अनाकलनीय शब्दांविषयी थोडे. अशा शब्दांना अभ्यासक ‘जादूई ध्वनी’ म्हणतात. त्यांतले सगळेच निरर्थक नसतात. ‘इआओ’ हे ज्यूंच्या देवनामाचे ग्रीक उच्चारण. ‘अब्लानाथानाल्बा’ ग्रीक लिपीत उलटसुलट कसाही वाचला तरी तोच राहतो. ‘अब्रासाक्स’मधील ग्रीक अक्षरांची अंकमूल्ये मिळवली तर १ + २ + १०० + १ + २०० + १ + ६० अशी बेरीज ३६५ येते, म्हणजे वर्षाचे दिवस. एका संस्कृतीतले देव दुसरीच्या लिपीत आले, त्यांचा अर्थ पुसट झाला आणि नाद उरला.

८/ अर्थ पुसला गेला तरी चालेल, नाद बदलता कामा नये, ही धारणा तेव्हाच्या तत्त्वज्ञांनीही मांडली होती. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन म्हणतो की अशी नावे भाषांतरित केली की त्यांचा प्रभाव जातो. त्याच्यानंतरचा अ-ख्रिस्ती नवप्लेटोवादी इआम्ब्लिखस परकीय नावांचे समर्थन जवळपास याच मुद्द्यावर करतो. धर्माच्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले हे दोघे मंत्राच्या बाबतीत एकमत होते. मंत्राचे भाषांतर करू नये ही समजूत आपल्यालाही परकी नाही.

९/ आता या मंत्रांचा कणा असलेल्या क्रियापदाकडे येऊ. ग्रीकमध्ये ‘होर्कोस’ म्हणजे शपथ. त्यापासून ‘होर्किझो’ आणि ‘एक्झोर्किझो’ : मी तुला शपथ घालतो. ‘एक्सॉर्सिझम’ हा शब्द येथूनच आला. लॅटिनमध्ये याच अर्थाने ‘कोन्युरो’ वापरले जाई. तेथून इंग्रजीत ‘काँज्युअर’ आले, ज्याचा अर्थ आज भुते बोलावणे असा होतो. मराठीत आपण ‘आण घालणे’ म्हणतो. आईची आण, देवाची आण. अर्थात घालवणे आणि बोलावणे या दोन्ही क्रियांचे व्याकरण एकच होते. ज्याला तू मानतोस त्याची तुला आण आहे, मी सांगतो ते कर.

१०/ आण कोणीही कोणालाही घालू शकतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील कबरस्तानात राहणारा एक बाधित माणूस येशूसमोर येतो. तेथे शपथेचे क्रियापद येशूच्या तोंडी नाही. त्या माणसातले भूतच येशूला देवाची आण घालते आणि मला छळू नकोस असे विनवते. येशू त्याला नाव विचारतो. या प्रसंगात घालवणारा आणि घालवला जाणारा एकच भाषा बोलतात.

११/ आण कोणाच्या नावे आणि कोणत्या अधिकाराने घालायची, हा वादाचा प्रश्न होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एफिसस येथे स्केवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूच्या नावाने एका बाधिताला आण घालतात. ते येशूचे अनुयायी नव्हते. भूत म्हणते की येशूला आणि पौलाला मी ओळखतो, तुम्ही कोण? आणि त्यांना पिटाळून लावते. त्यानंतर एफिससमधील लोकांनी जादूचे ग्रंथ आणून जाळले आणि त्यांची किंमत ५०,००० रौप्य नाणी भरली, असे तेथे म्हटले आहे. नाव ठाऊक असणे पुरेसे नाही, अधिकार हवा, हा त्या कथेचा रोख आहे.

१२/ ज्यू परंपरेत हा अधिकार शलमोन राजाकडे जातो. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस सांगतो की एलेआजार नावाच्या एकाने सेनापती व्हेस्पासियनच्या समोर एका बाधिताच्या नाकाशी अंगठी धरली. तिच्यात शलमोनाने सांगितलेली मुळी होती. भूत नाकपुड्यांतून बाहेर ओढले गेले. ते गेल्याची खूण म्हणून पाण्याचे भांडे उलथून दाखवावे लागले. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील ‘शलमोनाचे मृत्युपत्र’ या ग्रीक ग्रंथात शलमोन एकेका पिशाच्चाला नाव आणि काम विचारतो. त्यातली छत्तीस पिशाच्चे आपापला आजार सांगतात : कोणी डोकेदुखी आणतो, कोणी ताप. त्या आजाराचा उतारही तेथेच सांगितला जातो.

१३/ येथवर पिशाच्चांची यादी ही एका अर्थी रोगांची यादी आहे आणि मंत्र हा उपचाराचा भाग आहे. मध्ययुगीन युरोपात हे बदलू लागते. चर्चमध्ये ‘एक्सॉर्सिस्ट’ ही एक कनिष्ठ दीक्षा होती. दीक्षा घेणाऱ्याच्या हाती शपथमंत्रांची पोथी दिली जाई. ही पायरी थेट १९७२ साली सहाव्या पोप पॉल यांनी रद्द केली. तात्पर्य, आण कशी घालावी हे अनेक धर्मशिक्षितांना ठाऊक होते. ज्या मंत्राने भूत निघते त्या मंत्राने ते येईलही, असे त्यांतल्या काहींना वाटले. रिचर्ड कीकहेफर या इतिहासकाराने या मंडळींना धर्मगुरूंचे भूमिगत जग म्हटले आहे. म्युनिकमधील पंधराव्या शतकाच्या ज्या हस्तलिखिताचा त्यांनी अभ्यास केला, त्यात पिशाच्चाला बोलावताना चर्चचीच शपथ-भाषा येते.

१४/ १५६३ साली योहान वायर यांचे पुस्तक आले. ते क्लेव्हच्या ड्यूकचे वैद्य होते. चेटकीण म्हणून ज्या बायकांवर खटले चालतात त्या बहुधा विषण्णतेने ग्रासलेल्या, आजारी असतात, असे त्यांनी लिहिले. जाळण्याच्या काळात हे म्हणणे धाडसाचे होते. १५७७ साली त्याच ग्रंथाला त्यांनी पिशाच्चांच्या राज्याचे एक परिशिष्ट जोडले. त्यात एकोणसत्तर पिशाच्चे, त्यांच्या पदव्या आणि सैन्ये दिली होती. जादूगारांचा पोकळ दिमाख उघडा पाडणे हा हेतू होता. कोणी प्रयोग करू नये म्हणून काही मजकूर त्यांनी मुद्दाम गाळला.

१५/ १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी ही यादी इंग्रजीत आणली. तेही चेटूक-खटल्यांचे विरोधक होते. पुढे स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने १५९७च्या आपल्या पिशाच्चविषयक ग्रंथात या दोघांवर नाव घेऊन टीका केली. मात्र यादीने स्वतंत्र वाट धरली. १६६५च्या आवृत्तीत स्कॉटच्या पुस्तकातच कोणीतरी नवे जादूविधी घुसडले. सतराव्या शतकात ‘लेमेगेटन’ ही पोथी सिद्ध झाली आणि तिच्या पहिल्या भागाला ‘गोएशिया’ म्हणतात. वायरच्या यादीत प्रुफ्लास नावाचे एक पिशाच्च आहे. स्कॉटच्या भाषांतरात ते सुटले, आणि लेमेगेटनमध्येही ते नाही. नक्कल करणाऱ्यासमोर स्कॉटची यादी असावी, याची ही मोठी खूण.

१६/ म्हणजे चेटकिणींना वाचवण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकातून पिशाच्चे बोलावण्याची पोथी तयार झाली. वायरच्या ग्रंथाचा मुख्य विषय आजारी स्त्री हा होता. नक्कल होता होता ती स्त्री गळाली आणि परिशिष्ट उरले. पिशाच्चांची कामेही आता बदलली होती. शलमोनाच्या जुन्या ग्रंथातली पिशाच्चे ताप आणि डोकेदुखी आणत. या यादीतली अनेक पिशाच्चे गुप्तधन दाखवतात, प्रेम जुळवतात, भाषा आणि शास्त्रे शिकवतात.

१७/ लेमेगेटनमधील आवाहनाची रीत आपल्या न्यायालयीन समन्सासारखी आहे. मंत्र सगळ्यांना सामाईक आणि त्यात नावाची जागा मोकळी. पहिल्या मंत्राने पिशाच्च आले नाही तर दुसरा, मग सक्तीचा, मग त्याच्या राजाला आवाहन, मग शाप. तरीही नाही आले तर त्याची मुद्रा गंधक, हिंग अशा उग्र वासाच्या पदार्थांसह पेटीत घालून, पेटी लोखंडी तारेने बांधून, तलवारीच्या टोकावर विस्तवावर धरायची. काम झाल्यावर त्याला निघून जाण्याचा परवाना द्यायचा. या सगळ्यात आजारी माणूस कोठेही नाही. ‘अमुक’च्या जागी आता पिशाच्चाचे नाव येते.

१८/ हिंगाच्या धुराचा हा भाग वाचताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. माझ्या मोठ्या मावशीला लहानपणापासून फिट येत. गावाकडे तेव्हा त्याला बाहेरची बाधा म्हणत. तिला एका देवऋष्याकडे नेले गेले. त्याने तिच्या नाकाशी मिरच्यांची धुरी धरली आणि प्रश्न विचारले : कोण आहेस? कुठून आलास? काय घेऊन जाशील? मावशीने खोकत खोकत गावात पूर्वी वारलेल्या एका बाईचे नाव घेतले. पुष्कळ वर्षांनी शहरात तिच्या आजाराचे निदान झाले : अपस्मार. गोळ्यांनी तो आटोक्यात आला.

१९/ आईने हे मला सांगितले तेव्हा शेवटी एवढेच म्हणाली, “तू कोण आहेस, असं सगळे तिला विचारत होते. तुला काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही.” कॅथलिक चर्चच्या १६१४च्या रोमन विधिग्रंथातील सूचना वाचताना हे वाक्य मनातून जात नव्हते. एक्सॉर्सिस्टने भुताचे नाव, भुतांची संख्या, ती केव्हा आणि का शिरली हे विचारावे, असे त्यात आहे. त्याच सूचनांच्या आरंभी असेही आहे की एखाद्याला बाधा झाली यावर सहज विश्वास ठेवू नये. आजार किंवा विषण्णता यांची लक्षणे वेगळी ओळखावीत. चारशे वर्षांपूर्वी लिहिलेली ही सावधगिरी आमच्या मावशीच्या वाट्याला आली नाही.

२०/ महाराष्ट्रात आज यासाठी कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे यांचा उल्लेख आहे. मंत्राने भूत बोलावण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणेही तिच्यात येते. उतरवणे आणि बोलावणे अशा दोन्ही बाजू त्या अनुसूचीत आहेत. धुरी नाकाला लागणारा माणूस मात्र पहिल्या बाजूला असतो.

२१/ आता पुन्हा लंडनच्या त्या वहीकडे. १८५२ साली चार्ल्स विक्लिफ गुडविन यांनी तिचा मजकूर इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. गुडविन पेशाने वकील आणि नंतर न्यायाधीश होते, आणि इजिप्तविद्येचे अभ्यासक. बायबलमधील सृष्टिकथा आणि भूगर्भशास्त्र यांचा ओढूनताणून मेळ घालू नये, असे स्पष्ट लिहिणारे. त्यांच्या भाषांतरात शिरविहीन देव शिरविहीनच आहे आणि भुताला दूर कर ही विनवणी जागच्या जागी आहे. एका चिकित्सकाने अभ्यासासाठी छापलेला मजकूर गूढवाद्यांच्या हाती गेला. वायरच्या परिशिष्टाचे जे झाले होते तेच येथे पुन्हा झाले.

२२/ १८८८ साली लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ हे गूढमंडळ स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांतील मेदर्स यांनी लेमेगेटनच्या पहिल्या भागावर काम केले. ते काम क्रॉलींनी १९०४ साली छापले आणि पपायरसातला मंत्र त्याच्या आरंभी बसवला. ‘शिरविहीन’च्या जागी ‘अजन्मा’ असा अर्थ आला. भुताला दूर कर ही पालुपदासारखी येणारी विनवणी गेली. तिच्या जागी आले : सगळी भुते माझ्या आज्ञेत राहोत. मूळ मंत्राच्या अखेरीस येणारी मागणी आता पालुपद झाली. आणि ‘अमुक’ राहिलाच नाही.

२३/ या बदलाला तर्क होता हे मान्य केले पाहिजे. सर्व भुतांवर अधिकार मागणारी ओळ मूळ मंत्रातच होती. बहात्तर पिशाच्चांना सामोरे जाणाऱ्याला तीच हवी होती. क्रॉलींनी त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात असेही लिहिले की गोएशियातली भुते म्हणजे मानवी मेंदूचेच भाग आहेत. पुढे १९२९-३०च्या सुमारास त्यांच्या एका ग्रंथात हाच मंत्र अधिक विस्ताराने आला. तेथे त्याचा हेतू साधकाने आपल्या रक्षक-देवदूताशी संवाद साधणे हा आहे. बाधिताची सुटका हा आशय मागे पडून साधकाची स्वतःची उन्नती हा आशय आला. ज्याच्यासाठी मंत्र म्हणायचा आणि जो म्हणतो, ती दोन माणसे एक झाली.

२४/ आज पिशाच्च-उपासना करणाऱ्या काही मंडळींत प्रत्येक पिशाच्चाचा वेगळा छोटा मंत्र प्रचलित आहे. त्याला ‘एन्न’ म्हणतात. हे शब्द सतराव्या शतकातील लेमेगेटनच्या हस्तलिखितांत नाहीत. तेथे सगळ्यांना एकच सामाईक मंत्र आहे, हे आपण वर पाहिले. त्यांचा सूरही निराळा आहे. जुन्या पोथीत आण, धमकी आणि शाप आहेत. एन्न आदराने आळवण्यासाठी आहेत. आण घालण्याची जागा भक्तीने घेतली. श्रद्धा म्हणून कोणी ते म्हणत असेल तर तो त्याचा प्रश्न. पण त्यांना शलमोनाच्या काळचे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

२५/ हे सगळे मांडताना जुन्या विधीला शुद्ध आणि नव्याला भ्रष्ट ठरवण्याचा माझा उद्देश नाही. चौथ्या शतकातला तो मांत्रिकही रोग्याशी बोलत नाही. तो त्याच्या डोक्यावरून देवाशी आणि भुताशी बोलतो. तरी त्याच्या मंत्रात रोग्यासाठी एक जागा राखलेली आहे. तेथे कोणाचे तरी नाव घालावेच लागे, कोणाला तरी समोर बसवावेच लागे. विधी लागू पडो वा न पडो, तो कोणासाठी आहे हे त्या क्षणी सर्वांना माहीत असे. गोएशियातील आवाहनात ती गरज उरली नाही.

२६/ मराठीत भूत उतरवणाऱ्याला ‘पंचाक्षरी’ असा जुना शब्द आहे. मांत्रिक, देवऋषी, भगत हे शब्द आपण अजून वापरतो. बाधित माणसाला काही तीर्थक्षेत्री ‘झाड’ म्हणतात. उपचार करणाऱ्यासाठी एवढे शब्द, भुतांच्या जातींसाठी त्याहून अधिक, आणि ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी माणूसपण पुसणारा एक शब्द. ग्रीक ‘देइना’ आणि आपले ‘झाड’ यांत मला साम्य दिसते. इतिहासाच्या साधनांत मंत्र जपून ठेवले गेले, भुतांची नावे अक्षरांची बेरीज करून जपली गेली. रोग्यांची नावे बहुधा उरली नाहीत.

२७/ म्हणून असे एखादे आवाहन ऐकायला मिळाले तर दोन प्रश्न करून पाहावेत. हे शब्द सर्वांत जुन्या प्रतीत कोणत्या कामासाठी आहेत? आणि त्या प्रतीत मोकळी जागा कोणासाठी सोडली आहे? आपल्या मंत्रापुरते उत्तर मिळते. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये कोणीतरी आजारी होते. घरचे घाबरलेले होते, आणि जो उपाय ठाऊक होता तो कोणीतरी कागदावर उतरून ठेवला. पुढच्या वाचकाने आपल्या माणसाचे नाव घालावे म्हणून त्याने लिहिले : अमुक.

२८/ आपल्या भागात भूत उतरवण्याचे प्रश्नोत्तर, त्यातले शब्द, आण घालण्याच्या रीती यांविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असेल तर खाली अवश्य लिहावे. मात्र ज्याच्यावर तो विधी झाला त्याचे नाव-गाव उघड करू नये. त्याला काय होत होते, हे कोणाला आठवत असेल तर ते जरूर लिहावे.